निगेटिव्ह टाकून देऊ नका, आणि फोनच्या भरवशावरही राहू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एकदा डिजिटल केलं की फोटो कायमचे राहिले, असं हल्ली जो तो अगदी खात्रीने सांगतो आणि ते ऐकून ऐकून शेवटी राहवेना म्हणून हे पत्र लिहितेय. मी जुन्या निगेटिव्ह, स्लाइड आणि प्रिंट स्कॅन करून द्यायचं काम करते. काम संपलं, फाइली पेन ड्राइव्हवर टाकून दिल्या की समोरचा माणूस हमखास विचारतो, मग आता या निगेटिव्ह टाकून दिल्या तर चालतील ना, उगाच जागा अडवतात. मी दर वेळी सांगते की नका टाकू, स्कॅन ही कॉपी आहे, मूळ तुमच्या हातात आहे ते ठेवा. डिजिटलला माझा विरोध अजिबात नाही, माझं निम्मं काम कॉम्प्युटरवरच चालतं. पण टिकण्याच्या बाबतीत या दोन गोष्टींचा स्वभावच वेगळा आहे हे लोकांपर्यंत पोचत नाहीये. फिल्म दुर्लक्ष सोसते, डिजिटल सोसत नाही. मला सांगायचंय ते एवढंच, पण ते नीट समजावं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फिल्म किती सोसते त्याचं एक उदाहरण मी नेहमी देते. 1897 साली सॉलोमन आंद्रे नावाचे स्वीडिश संशोधक दोन साथीदारांना घेऊन हायड्रोजनच्या बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले, तीन दिवसांत बलून बर्फावर उतरलं आणि तिघंही परत आलेच नाहीत. पुढे 1930 मध्ये क्वितोया नावाच्या बेटावर त्यांचा शेवटचा तळ सापडला, त्यात कॅमेरा होता आणि एक्स्पोज केलेली, म्हणजे फोटो काढून झालेली, पण कधीच डेव्हलप न झालेली फिल्म होती. 33 वर्षं बर्फात, ओलीत, कुणाचं लक्ष नाही. स्टॉकहोममध्ये जॉन हेर्त्सबर्ग यांनी ती जपून डेव्हलप केली आणि 240 पैकी 93 फोटो निघाले. त्यातल्या एका फोटोत बर्फावर आडवं झालेलं बलून आहे आणि त्याच्याकडे बघत दोन माणसं उभी आहेत, डागाळलेला आहे फोटो, पण सगळं कळतं. म्हणजे विचार करा, ज्याने फोटो काढला तो गेला, ज्यांचा काढला ते गेले, आणि 33 वर्षांनी एका तिसऱ्याच माणसाने अंधाऱ्या खोलीत थोड्या रसायनांनी ते चित्र उजेडात आणलं.

आता त्या जागी मेमरी कार्ड किंवा फोन ठेवून बघा. फ्लॅश मेमरीत, म्हणजे कार्ड, पेन ड्राइव्ह, एसएसडी (कॉम्प्युटरमधली न फिरणारी नवी डिस्क) सगळ्यात, आपला फोटो म्हणजे बारीक बारीक कप्प्यांत कोंडून ठेवलेला विजेचा भार असतो आणि तो हळूहळू गळत असतो. कॉम्प्युटरच्या भागांची मानकं ठरवणारी जेडेक नावाची संस्था आहे, तिच्या मानकात घरगुती वापराच्या एसएसडीने, तिची लिहिण्या-पुसण्याची ठरलेली क्षमता वापरून संपल्यावर, वीज न देता 30 अंश तापमानात 1 वर्ष डेटा धरून ठेवावा एवढीच अपेक्षा आहे. नवीन, कमी वापरलेली असेल तर ती बरीच जास्त टिकते हे खरं, पण कपाटात टाकून द्यायची आणि नातवंडांनी उघडायची अशी ती वस्तू नाहीच. फिरणाऱ्या हार्ड डिस्कचं म्हणाल तर त्यात मोटर आहे, वाचणारं डोकं आहे, वर्षानुवर्षं पडून राहिली की चालू करतानाच टक टक आवाज काढायला लागते, आणि लोक ती माझ्याकडे घेऊन येतात कारण त्यांना वाटतं फोटोचं काम म्हणजे मलाच जमेल. घरी राइट केलेल्या सीडीत डेटा रंगाच्या थरात असतो, तो थर उजेडाने आणि उष्णतेने बिघडतो.

पण एका बाजूचंच सांगितलं तर ते खोटं होईल. फिल्म अमर नाही. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत नायट्रेटची फिल्म बनत होती, ती पेट घेते आणि एकदा पेटली की पाण्यातसुद्धा जळत राहते, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असतो. तिच्या जागी आली ती अ‍ॅसिटेटची, जिला सेफ्टी फिल्म म्हणायचे, ती जळण्याच्या बाबतीत सेफ, पण तिचा रोग वेगळा. उबेत आणि दमटपणात तिच्यातून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सुटायला लागतं. साधारण 21 अंश आणि 50 टक्के आर्द्रतेत ठेवली तरी 40-50 वर्षांत हे सुरू होतं, त्याहून गरम आणि दमट जागी खूपच लवकर. डबा उघडल्या उघडल्या नाकात जाणारा तो व्हिनेगरचा आंबट वास ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. मग निगेटिव्ह कडेने वळते, आखडते, वरचा जिलेटिनचा थर सुटून त्याच्या नागमोडी सुरकुत्या पडतात आणि चेहरा त्या सुरकुत्यांमध्ये अडकतो. वाईट म्हणजे हे अ‍ॅसिड शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागतं, त्यामुळे वास येणाऱ्या निगेटिव्ह ताबडतोब वेगळ्या काढून आधी त्या स्कॅन कराव्यात. नंतरची पॉलिएस्टरची फिल्म मात्र या बाबतीत फारच दणकट.

रंगीत फिल्मचं दुखणं आणखी वेगळं आहे. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हमध्ये चित्र चांदीच्या कणांचं असतं, ती धातू आहे, नीट धुतली असेल तर शंभर वर्षं सहज जाते. रंगीत फिल्ममध्ये डेव्हलप झाल्यावर चांदी काढून टाकतात आणि उरतात ते नुसते रंग, आणि रंग उडतात, अंधारातसुद्धा उडतात. 1970 च्या आसपासच्या कित्येक स्लाइड आणि प्रिंट आज लालसर-गुलाबी दिसतात त्या यामुळेच, निळसर रंग आधी गेला आणि बाकीचे मागे राहिले. 1935 मध्ये आलेली कोडॅक कंपनीची कोडाक्रोम ही रंगीत फिल्म त्याला अपवाद, अंधारात ठेवली तर तिचे रंग अजूनही बघत राहावे असे असतात, पण तिची प्रोसेसिंग इतकी किचकट की 2010 च्या शेवटी जगातल्या शेवटच्या लॅबनेही ती बंद केली.

आणि फिल्मचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे मूळ एकच असतं. अमेरिकेचे प्रेसिडेंट केनेडी यांचे फोटोग्राफर जाक लो यांच्या 40 हजारांहून जास्त निगेटिव्ह न्यूयॉर्कमध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या आवारातल्या एका बँकेच्या तिजोरीत होत्या. तिजोरी म्हणजे किती काळजीने ठेवलं होतं बघा. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यात सगळ्या गेल्या. वाचलं ते दुसरीकडे ठेवलेलं, कॉन्टॅक्ट शीट (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेले तेवढ्याच आकाराचे फोटो) आणि काही प्रिंट, आणि पुढे त्या शीटवरचे छोटे छोटे फोटो स्कॅन करून, एकेक डाग काढून परत उभे केले गेले. डिजिटलची खरी ताकद ही आहे. हुबेहूब दुसरी प्रत, आणि तिसरी, आणि दहावी, कुठलीच मूळपेक्षा कमी नाही. फिल्मला हे कधीच जमलं नाही, निगेटिव्हवरून निगेटिव्ह काढली की थोडं काहीतरी जातंच.

पण ती प्रत कुणीतरी काढावी लागते, आणि काढत राहावी लागते. पणतीने पणती लावत नेण्यासारखं आहे ते, एका पिढीने हात आखडला की संपलं.

बिघडण्याची पद्धतही दोघांची वेगळी आहे आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. निगेटिव्हवर ओरखडा पडला तर तेवढीच रेघ जाते, बुरशी आली तर कोपरा जातो, पण मधला माणूस राहतो, आणि वास, रंग, सुरकुती यावरून आधी कळतंसुद्धा. जेपेग, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या डिजिटल फाइलमध्ये मात्र माहिती दाबून, एकापुढे एक गुंफून ठेवलेली असते, मधले काही बिट बिघडले की पुढचं सगळं गडबडू शकतं. एक लग्नाचा ग्रुप फोटो माझ्याकडे आला होता, वरचा एक तृतीयांश भाग स्वच्छ, मांडवाची झालर दिसते, मागच्या रांगेतल्या लोकांची कपाळं दिसतात, आणि डोळ्यांच्या रेषेपासून खाली सपाट करडा पट्टा. फाइलचं नाव, साइज सगळं जागच्या जागी, फोल्डरमध्ये बघितलं तर काहीच झालेलं नाही असं वाटावं. ती फाइल कधी बिघडली ते कुणालाच सांगता आलं नाही, कारण मधल्या काळात ती कुणी उघडलीच नव्हती, आणि बॅकअप म्हणून जी कॉपी ठेवली होती ती बिघडलेल्या फाइलचीच कॉपी होती.

मग मशीनचा प्रश्न. निगेटिव्ह खिडकीसमोर धरली की काय आहे ते कळतं. फाइल वाचायला मशीन लागतं, ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर लागतं आणि दोन्ही जुनी होतात. 1966-67 मध्ये नासाने लुनार ऑर्बिटर नावाची 5 यानं चंद्राभोवती पाठवली, त्या यानात चक्क फिल्म होती, ती तिथेच अवकाशात डेव्हलप व्हायची, तिथेच स्कॅन व्हायची आणि सिग्नल पृथ्वीवर पाठवले जायचे, इथे ते मोठ्या टेपवर उतरवले जायचे. टेप जपल्या गेल्या, पण त्या वाचणारी अँपेक्स कंपनीची फ्रिजएवढी मशीन भंगारात निघाली. नॅन्सी इव्हान्स या नासातल्या बाईंनी ती काही मशीन हट्टाने मिळवून स्वतःच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं ठेवली, म्हणून 2008 मध्ये काही लोकांना नासाच्याच आवारातल्या एका बंद पडलेल्या बर्गरच्या दुकानात बसून ती दुरुस्त करता आली आणि चंद्रामागून दिसणाऱ्या पृथ्वीचा 1966 चा फोटो त्या काळी कुणी पाहिला नव्हता इतका स्पष्ट बाहेर आला. ब्रिटनमध्ये बीबीसीने 1986 मध्ये देशभरातून हजारो फोटो आणि माहिती गोळा करून लेझर डिस्कवर घातली होती, पंधराएक वर्षांत ती वाचणारी यंत्रं इतकी दुर्मिळ झाली की ते सगळं सोडवायला संशोधकांना वेगळा प्रकल्प करावा लागला. आणि हे ज्या डूम्सडे बुकच्या, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीच्या, 900 व्या वर्षानिमित्त केलं होतं ते 1086 चं हस्तलिखित आजही उघडून वाचता येतं. फोटोपुरतं बोलायचं तर कोडॅकनेच 1992 मध्ये फोटो सीडी आणली होती, लोकांनी भरवशाने आपले रोल त्यावर उतरवून घेतले, आज तो फॉरमॅट नीट उघडेल असं सॉफ्टवेअर शोधत बसावं लागतं. साधी जेपेग इतकी पसरलीय की तिची मला तेवढी काळजी वाटत नाही, पण कॅमेरा कंपन्यांच्या आपापल्या रॉ फाइलची, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलची, वाटते.

क्लाउडवर आहे सगळं, असं सांगणारे भेटतात. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर आणि दुसऱ्याचे नियम. मायस्पेस या सोशल मीडियाच्या साइटवर लोकांनी 12 वर्षं चढवलेले फोटो, गाणी, व्हिडिओ सर्व्हर बदलताना गेले हे 2019 मध्ये उघड झालं. फोटो ठेवायच्या फ्लिकर या साइटने 2018 मध्ये जाहीर केलं की फुकट खात्यात 1000 च फोटो राहतील. गुगलच्या नियमाप्रमाणे 2 वर्षं वापरलं नाही तर वैयक्तिक खातं पुसलं जाऊ शकतं. यात कुणाची लबाडी आहे असं मी म्हणत नाही, कंपनी आहे, तिला तिचा हिशोब आहे. पण मग माणूस गेल्यावर काय? त्याचा फोन लॉक, खात्याचा पासवर्ड त्याच्याबरोबर गेलेला, आणि 2 वर्षं तर घरच्यांना सावरायलाच लागतात.

व्हिव्हियन मायर यांचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. आयुष्यभर मुलं सांभाळायचं काम केलं, फावल्या वेळात रस्त्यावरचे फोटो काढले, कुणाला दाखवले नाहीत. 2007 मध्ये शिकागोत त्यांच्या सामानाचा भाडं थकल्यामुळे लिलाव झाला, अनोळखी लोकांनी खोकी विकत घेतली, आत निगेटिव्ह आणि डेव्हलपही न केलेले रोल, सगळं मिळून एक लाखाच्या वर फोटो. खोकं उघडून निगेटिव्ह उजेडात धरली आणि कळलं की हे काय आहे. तेच जर पासवर्ड टाकलेल्या, एन्क्रिप्ट केलेल्या (पासवर्डशिवाय वाचताच न येणाऱ्या) डिस्कवर असतं तर घेणाऱ्याने फॉरमॅट मारून स्वतःसाठी वापरली असती.

आणखी एक गोष्ट, जी तुम्हा पेपरवाल्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. आपण डिलीट फार लवकर करतो. डर्क हॉलस्टेड नावाच्या फोटोग्राफरने 1996 मध्ये एका कार्यक्रमात प्रेसिडेंट क्लिंटन गर्दीतल्या एका मुलीला मिठी मारतात असा फोटो फिल्मवर काढला, तेव्हा त्याला काहीच किंमत नव्हती. 1998 मध्ये क्लिंटन यांच्याबरोबरच्या संबंधांमुळे मोनिका लुइन्स्की हे नाव जगभर गाजलं आणि हॉलस्टेडना वाटलं की हा चेहरा आपण कुठेतरी पाहिलाय, स्लाइडचे ढीग उपसले आणि तो फोटो सापडला, पुढे टाइमच्या कव्हरवर गेला. त्या वेळी डिजिटलवर शूट करणाऱ्यांनी नको असलेले फोटो केव्हाच पुसून टाकले होते. कुठला फोटो महत्त्वाचा हे त्या दिवशी कळत नाही हो, ते नंतर कळतं. घरातसुद्धा असंच असतं, मुद्दाम पोझ दिलेल्या फोटोपेक्षा मागे दिसणारं जुनं घर, बाजूला उभी असलेली आत्या, हेच नंतर शोधलं जातं.

ज्यांचं यावर पोट आहे ते काय करतात तेही बघावं. ऑस्कर देणाऱ्या अ‍ॅकॅडमीने 2007 मध्ये अहवाल काढला होता, त्यात सिनेमाचा डिजिटल मास्टर, म्हणजे जपून ठेवायची मूळ प्रत, वर्षभर सांभाळायचा खर्च फिल्मवरच्या मास्टरच्या जवळपास 12 पट निघाला. हॉलिवूडचे स्टुडिओ रंगीत सिनेमाचे तीन रंग वेगळे करून तीन ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर उतरवून ठेवत आले, कारण चांदी उडत नाही. याच तत्त्वाने रशियाच्या प्रोकुदिन-गोर्स्की यांनी 1909 ते 1915 मध्ये काचेच्या प्लेटवर लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरमधून तीन तीन फोटो घेतले होते, त्या प्लेट 1948 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतल्या आणि या शतकात कॉम्प्युटरवर एकमेकांवर बसवल्यावर झारच्या काळातली माणसं कालच फोटो काढल्यासारखी रंगीत दिसली. टिकवलं चांदीने आणि दाखवलं डिजिटलने, मला हे दोघांचं सगळ्यात सुंदर जुळलेलं काम वाटतं. आणि नॉर्वेतल्या स्वालबार्डला जुन्या कोळशाच्या खाणीत 2017 पासून जो आर्क्टिक वर्ल्ड अर्काइव्ह आहे, तिथे तर डिजिटल डेटाच पॉलिएस्टरच्या फिल्मवर छापून ठेवतात!

सामान्य माणसाला खाण नको की अहवाल नको. फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला 3-2-1 चा नियम पुरेसा आहे, म्हणजे 3 प्रती, 2 वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि 1 दुसऱ्या ठिकाणी, निदान दुसऱ्या घरी. डिस्क कपाटात ठेवून विसरायची नाही, वर्षातून एकदा लावायची आणि नुसतं फोल्डर न बघता फोटो उघडून बघायचे, काही वर्षांनी नव्या डिस्कवर हलवायचे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो म्हणजे मूळ नव्हे, त्यात साइज घटलेली असते आणि तारीख-वेळेची आतली नोंदही निघून गेलेली असते, त्यामुळे मूळ मागून घ्या, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेले व्हिंट सर्फ यांनीसुद्धा 2015 मध्ये जिव्हाळ्याचे फोटो छापून ठेवा असंच सुचवलं होतं. हजारोंमधून वर्षाचे वीस-पंचवीस निवडा, चांगल्या कागदावर प्रिंट काढा, आणि मागे मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने, कोण, कुठे, कधी ते लिहा. बॉलपेन नको, त्याची खूण पुढे उमटते. चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले अल्बमही नकोत, फोटो त्यांना कायमचा चिकटतो. निगेटिव्ह कागदी पाकिटात, पत्र्याखाली किंवा माळ्यावर नको, बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, घरातल्या सगळ्यात थंड आणि कोरड्या खोलीत. आणि पासवर्ड घरातल्या एकाला तरी माहीत असू द्या.

शेवटी तुमच्याकडे एक विनंती आहे. पेपरच्या ऑफिसात जुन्या फोटोग्राफरांच्या निगेटिव्ह असतात, छापून आलेला एक फोटो आणि न छापलेली बाकी सगळी पट्टी. सभा, पूर, मोर्चे, उद्घाटनं, रस्त्याने चाललेले साधे लोक. तुमच्याकडे त्या आहेत का, कुठल्या खोलीत आहेत, त्यांना वास यायला लागलाय का, त्यांची यादी आहे का, आणि आता तुमचे फोटोग्राफर रोज जे शेकडो फोटो काढतात त्यातले न छापलेले किती दिवसांनी पुसले जातात, याबद्दल आपल्याच पेपरात लिहाल का? जे फोटोग्राफर रिटायर झालेत त्यांना एकदा बोलवा, पट्ट्या समोर ठेवा आणि कोण कोण आहे ते त्यांच्याकडून लिहून घ्या, कारण निगेटिव्ह टिकली तरी नावं फक्त त्यांच्या डोक्यात आहेत. स्कॅनिंगच्या कामात माझी काही मदत होणार असेल तर मी नक्की येईन.

आपली नियमित वाचक